शेजारचा ब्रेक

१ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे जमेल तेव्हा, स्वतःशी कशाला खोटं बोला! कारण आज मी ठरवलं, मी पायलट होणार. हौशी नाही. विमान कंपनीची, खांद्यावर पट्ट्यावाली, "नमस्कार, मी तुमची कॅप्टन बोलतेय" वाली. आरशासमोर तीनदा बोलून बघितलं. तिसऱ्यांदा मागे वळले तर आई दारात उभी.

"कोणाशी बोलतेस गं?"

"एकशे ऐंशी प्रवाशांशी."

"त्यांना म्हणावं, गिझर बंद करा."

तर मी कोण, हे पुढेमागे मीच विसरले तर लिहून ठेवते. वय सव्वीस. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, एक खोली, खोलीत आई आणि फॉर्मचे गठ्ठे. गेली सहा वर्षं मी शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसते, जिथे आमच्यासाठी वेगळा ब्रेक असतो, आणि लोकांचे जीव वाचवते. मुख्यतः माझा. आज दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकात सलग चार वेळा गाडी बंद पाडली. मागे सगळं गाव हॉर्न वाजवतंय, आणि वरून एक विमान इतक्या संथ, इतक्या रुबाबात गेलं की मी म्हटलं, बस. आठवीपासून मनात आहे, अजून किती दिवस मनात ठेवू?

४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. आई आधी बसली, मग उठली, मग म्हणाली, "गाडी बंद पडली तर चार माणसं ढकलतात. वर बंद पडलं तर कोण ढकलणार?" आई अशी आहे की आधी भांडते आणि भांडता भांडता तयारीला लागते. अर्ध्या तासात माझे शाळेचे दाखले टेबलावर होते.

तिच्या नावावर एक प्लॉट आहे. तो विकायचा, असं तिनेच काढलं. "पण ऐक. प्लॉट एकच आहे. एकदाच विकला जाईल. भलत्या शाळेत जाऊन फसलीस तर पुन्हा इथेच, चौकात." म्हणजे एक डाव. चुकायचं नाही.

बाबा म्हणाले, "हं."

एवढंच. पोटची पोर आकाशात जाते म्हणते आणि बाप म्हणतो "हं"! मला कळतंय कारण. मी गेले तर दुसरी गाडी कोण सांभाळणार? स्वार्थ, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

वहीत तीन रकाने आखले.

पहिला रकाना, कंपनीचाच कॅडेट कोर्स. परीक्षा घेतात, निवडतात, शिकवतात, नोकरीही देतात. दुसरा, मोठी शाळा. तिथेच राहायचं, सलग शिकायचं, दीड-दोन वर्षांत लायसन्स हातात. तिसरा, टप्प्याटप्प्याने. एखाद्या फ्लाइंग क्लबात तास भरायचे, घरी बसून पेपर द्यायचे, एकेक लायसन्स पायरीपायरीने घ्यायचं. वेळ जास्त, पण नोकरी करता करता होतं.

तिसरा रकाना मी लगेच खोडला. पायरीपायरीने म्हातारे लोक चढतात. मला लिफ्ट पाहिजे!

११ फेब्रुवारी

आज एक गोष्ट कळली. शाळा कुठलीही असो, आधी मेडिकल. डोळे, कान, हृदय, सगळं तपासतात, आणि त्यात नापास तर शाळेचं तोंडही बघायचं कारण नाही. मी रात्रंदिवस युनिफॉर्मचा विचार करतेय, आणि डाव्या कानात लहानपणी वाटाणा गेला होता तो निघाला होता की नाही, हेच मला नक्की आठवत नाही. आईला विचारलं. म्हणाली, "निघाला होता. तूच परत घातलास. तोही काढला."

१४ फेब्रुवारी

रोज गाडी बंद करताना मीटरचा आकडा वहीत लिहायचा, हा आमचा नियम. आज सकाळी बघते तर एक नंबरच्या गाडीचा आकडा एकशे चाळीस किलोमीटरने पुढे! काल माझी सुट्टी होती, बाबा म्हणाले ते दिवसभर "बँकेच्या कामात" होते. मग गाडी कोणी फिरवली? आमच्याखेरीज किल्ली फक्त गाडी धुणाऱ्या काकांकडे असते. वरून किती गरीब दिसतात! आजपासून किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. काकांकडे फक्त रोखून बघितलं. ते म्हणाले, "ताई, डोळ्यात काही गेलंय का?"

१८ फेब्रुवारी

मेडिकल पास!!! वाटाणा नाही!! दोन्ही कान, दोन्ही डोळे, हृदय, सगळं ठणठणीत! रंगीत ठिपक्यांमधले आकडे मी इतक्या जोरात वाचले की बाहेर बसलेल्यांनाही पाठ झाले असतील. डॉक्टर म्हणाले, नाडी जरा जलद आहे. म्हटलं, आनंदाने. म्हणाले, आनंद थोडा कमी करा, परत मोजतो.

घरी येताना डॉक्टरीणबाईंचा तास होता. त्यांनी रिव्हर्समध्ये कचऱ्याचा डबा पाडला. मी म्हटलं, "हरकत नाही, सुंदर पाडलात."

२३ फेब्रुवारी

कॅडेट परीक्षा. लेखी उत्तम. जॉयस्टिकची टेस्ट त्याहून उत्तम. मग आठ जणांना गोल बसवून गटचर्चा. एक मुलगा दर वाक्याला दुसऱ्याच्या मध्ये घुसत होता. इंडिकेटर नाही, आरसा नाही, थेट लेन बदल! मी त्याला सांगितलं. मग परीक्षक मध्ये बोलले, तर मी त्यांनाही सांगितलं.

संध्याकाळी ईमेल आली. "पुढील वाटचालीसाठी शुभेच्छांसह..." वगैरे. पहिला रकाना गेला. रडले. मग भूक लागली, म्हणून थांबले.

बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "परीक्षकाला काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, समोरचा आधी जाऊ द्या."

बाबा खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकले. तब्येत बरी नाही वाटतं.

२७ फेब्रुवारी

पुन्हा एकशे चाळीस! किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असताना! म्हणजे काकांनी दुसरी किल्ली बनवली. आईला म्हटलं पोलिसात जाऊ. आई एकदम फॉर्मच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसली आणि म्हणाली, "मीटर खराब असेल." मीटर बरोबर दोनदा एकशे चाळीसनेच खराब होतं?

२ मार्च

काय शाळा आहे! काय शाळा आहे!!

बाबा आणि मी गेलो होतो. वेळ आठवडाभर आधी घ्यावी लागली, यावरूनच दर्जा कळतो. काचेचं दार, आत आपला चेहरा दिसेल अशी फरशी. एक टायवाले साहेब आले, त्यांनी माझ्या हातात फाइल ठेवली आणि मला "कॅप्टन" म्हणाले. बाबांच्या देखत! मी खुर्चीवर बसायचीच विसरले.

हँगरमध्ये तीन विमानं, पांढरीशुभ्र. एकात बसवलं. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, इतकी जपून ठेवलीत! पायाखालच्या पॅडलचा काळा रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. आत नव्या रबराचा असा काही वास की हुंगतच राहावं. बाहेर उभं असलेलं चौथं विमान तर गवतात बसल्यासारखं दिसत होतं, चाकांच्या निम्म्यापर्यंत हिरवळ. आणि शांतता तर इतकी! मला वाटलं होतं कानठळ्या बसतील.

एक चष्मेवाली विद्यार्थिनी भेटली. दोन वर्षं तिथे आहे. कोर्स खरं तर दीड वर्षाचा, पण तिला इतकी गोडी लागलीय की अजून आहे. चष्मेवाली काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात टायवाल्यांनी तिला प्रेमाने आत पाठवलं.

बाबांनी मात्र लाज आणली. विमानात वाकून, खिशातली बॅटरी काढून पॅडलांवर मारली. मग टायवाल्यांना विचारलं, "आज सकाळपासून किती उड्डाणं झाली?"

"सर, आमचा सिम्युलेटर जागतिक दर्जाचा आहे."

"हं," बाबा म्हणाले.

हा माणूस सगळ्या जगाला गॅरेज समजतो.

९ मार्च

आईचं म्हणणं पडलं, एक तरी दुसरी शाळा बघ. म्हणून आज त्या खोडलेल्या रकान्यातल्या फ्लाइंग क्लबला जाऊन आले. जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर, तेही खड्ड्यांतून.

अगदीच खटारा प्रकार. पत्र्याची शेड. खुर्ची एक, तीवर मांजर. फरशीवर तेलाचे डाग, फळ्यावर खडूने गिचमिड वेळापत्रक, पुसून पुसून परत लिहिलेलं. विमानं दोनच आणि दोन्ही जागेवर नाहीत! एक वर, एक खाली येतंय. बसायला मिळावं म्हणून पाऊण तास थांबले. बसले तर सीट फाटकी, आणि पॅडल इतकी घासलेली की रंग जाऊन आतला पांढरा धातू दिसतोय. शी! दोन विमानांचं एवढं रंगकाम होत नाही यांच्याने?

तिथल्या मुख्य शिक्षिकेला सगळे हेडबाई म्हणतात. साठीच्या, केस बारीक कापलेले, हातात थर्मास. मला कॅप्टन नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "ए, विमानाच्या पंख्याच्या पुढून जाऊ नकोस. बंद असला तरी नाही. काय करतेस?"

म्हटलं, ड्रायव्हिंग शिकवते.

"अरे देवा," म्हणाल्या. "म्हणजे आधी ते विसरवावं लागणार."

फाइल मागितली तर म्हणाल्या, "फाइल नाही. मंगळवारी सकाळी सातला ये, वर नेते." आणि माझ्या गाडीकडे, वरच्या आमच्या स्कूलच्या पाटीकडे बघत हसल्या. "या गाडीला इकडची वाट पाठ झालेली दिसते."

मी म्हटलं, नाही हो, पहिल्यांदाच आले. विचित्र बाई!

१२ मार्च

ठरलं. चकचकीत शाळा. टायवाल्यांचा फोन येऊन गेला, फक्त दोन जागा उरल्यात, वीस तारखेला सही करायची. आईने प्लॉटच्या गिऱ्हाइकाला होकार कळवायची तारीखही वीसच ठेवली.

मला झोप नाही, भूक नाही, जमिनीवर पाय नाहीत. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "आता टेकऑफ घ्या." त्यांनी घेतला. फुटपाथवर.

१६ मार्च

भांडण. मीच केलं, कारण बाबा करत नाहीत. म्हटलं, "एकदा तोंड उघडून सांगा ना, जा किंवा नको जाऊ! सहा वर्षं तुमच्या गाडीत बसले, आता माझ्या सुखाच्या आड का येताय?"

बाबा म्हणाले, "मी आड आलो?"

"हं म्हणणं म्हणजे आडच!"

आई मध्ये पडली. "अगं, यांनी तुला आर्ट्सला जाऊ नको म्हटलं, तू गेलीस. वर्षभराने परत सायन्सला आलीस. उंच टाचेची चप्पल घालून गाडी शिकवू नको म्हटलं, तू घातलीस. तुला नको म्हणायची सोय आहे का?"

हे बरोबर आहे, पण या वेळी लागू नाही.

इथे बाबांचा एक नियम लिहून ठेवते, कारण तो ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शेजारच्या ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, टेकवायचा नाही. शिकणाऱ्याला कळलं की तुमचा पाय टेकलाय, तर तो जन्मात स्वतःचा पाय हलवणार नाही. त्याला ब्रेक मारावासा वाटेपर्यंत थांबायचं. अगदी भिंत दिसायला लागली, तरच. तर असे हे बाबा. भिंत येईपर्यंत गप्प बसायची सवयच लागलीय, घरातसुद्धा.

१८ मार्च

सकाळी बाबा म्हणाले, "एक नंबरच्या गाडीत शेजारच्या ब्रेकच्या पॅडलवरचं रबर गेलंय. बदलून टाक."

म्हातारपण आलं! जानेवारीतच तर बदललं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, "बदल गं. नवीन टेबलावर ठेवलंय." भांडणानंतर दोन दिवसांनी बोलले होते म्हणून मुकाट्याने गेले.

गाडीत आडवी होऊन जुनं रबर काढलं. धडधाकट! दोन-अडीच महिन्यांत कुठे झिजतंय? तरी घातलं नवीन. बाबांची जुनी रबरं ठेवायचा एक पत्र्याचा डबा आहे. दर वर्षीचं एक, स्कूल उघडलं तेव्हापासूनची. फेकत नाहीत. लोकांच्या घरी फोटोंचा अल्बम असतो, आमच्याकडे हा. डबा उघडला. एकोणीस रबरं. मधोमध खळगा पडलेली, काठ पातळ झालेले, एक तर आरपार गेलेलं. ते माझ्या पहिल्या वर्षाचं, मी फार घाबरायचे आणि फार दाबायचे.

परत गाडीत बसले, नव्या रबरावर पाय ठेवून बघितला. सटकला. आणि तो वास आला.

नव्या रबराचा वास. तोच! हुंगत राहावा असा.

सहा वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगते, आमच्या गाडीचं रबर बघा, पलीकडच्या स्कूलची नवीकोरी गाडी बघा, ती दारात का उभी असते ते विचारा. मीच सांगते! आणि मी स्वतः प्लॅस्टिक न काढलेल्या सीटवर बसून म्हटलं, किती जपून ठेवलीत! अगं गाढवे, विमान आहे ते, भांड्यांचा सेट नाही!

बाबांना काही म्हणाले नाही. उगाच त्यांना वाटायचं, बरोबर होते.

१९ मार्च

पहाटेच निघाले. वेळ न घेता. चकचकीत शाळेच्या समोरच्या टपरीवर सात ते अकरा बसले, पाच चहा प्याले. चार तासांत त्या शाळेतून आकाशात गेला तो फक्त एक कावळा.

अकराच्या सुमारास चष्मेवाली चहाला आली. विचारलं, दोन वर्षांत तुझे किती तास झाले गं? म्हणाली, अठ्ठावीस. लागतात दोनशे. "आणि त्यातले नऊ मागे बसून. दुसरा चालवतो, आपण बघायचं. तेही मोजतात."

मागच्या सीटचे तास! आमच्याकडे मागे बसलेल्याला आम्ही चहा विचारतो, तास लावत नाही! मी काचेचं दार ढकललं ते इतक्या जोरात की टायवाले उभेच राहिले.

"या, कॅप्टन!"

"मी कॅप्टन नाही. तुम्हीही नाही. तुमच्या विमानाच्या चाकाखालचं गवत आधी कापा. एवढ्या गवतात आमच्याकडे गाडीसुद्धा कोणी गिअरमध्ये टाकत नाही."

आणखीही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण छान होतं. बाहेर चष्मेवालीला हेडबाईंचा नंबर दिला.

गाडीत बसल्यावर मग लक्षात आलं. उद्या सही होती. आईचा प्लॉट, एकुलता एक. एक दिवस! एकच दिवस मध्ये होता.

२० मार्च

घरी सांगितलं, चकचकीत शाळा रद्द. क्लबला जाणार, टप्प्याटप्प्याने. पहाटे आणि शनिवार-रविवार उडायचं, मधले दिवस इथे शिकवायचं, पेपरांचा अभ्यास घरी. प्लॉट एकदम विकायची गरज नाही, निम्मा पुरेल.

आई म्हणाली, "देव पावला." कुठला ते सांगितलं नाही.

बाबा म्हणाले, "हं. कशावरून ठरवलंस?"

"माझ्या अनुभवावरून," मी म्हटलं.

बाबा परत खोकले. डॉक्टरला दाखवायला हवं.

३० मार्च

उडाले!!! मी!!!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. क्रमाने लिहिते. आमच्या गाडीत शिकवणारा डावीकडे बसतो, सवयीने मी डावीकडे जाऊन बसले आणि मग ओशाळून उठायला लागले. हेडबाई म्हणाल्या, "बस. इथे डावी बाजू शिकणाऱ्याची." सहा वर्षं मी चुकून योग्य जागेवरच बसत होते!

मग जमिनीवर चालवायला दिलं. डावीकडे वळायचं म्हणून मी चाक डावीकडे फिरवलं. विमान सरळ. अजून फिरवलं. विमान अजून सरळ, आता कुंपणाकडे. "पायाने!" हेडबाई ओरडल्या. "जमिनीवर पायाने वळतं!" मी डावा पाय दाबला, तो क्लच समजून पार खाली. विमानाने गरकन गिरकी घेतली. शेडमधलं मांजर खुर्चीवरून उठून गेलं.

धावपट्टीवर उभं राहिल्यावर मी डोकं वर करून शोधायला लागले.

"काय हरवलं?"

"आरसा."

"मागून कोण येणारे तुझ्या?"

आणि मग ते सगळं थरथरायला लागलं, नट न नट, माझे दात, फाटकी सीट, आणि अचानक थरथर थांबली. जमीन गेली. मी हसायलाच लागले. थांबेना! रस्ते, छपरं, एक तळं, आणि त्या सगळ्यांतून एकही हॉर्न नाही. हेडबाईंनी हात वर करून दाखवले, "तुझ्याकडे आहे." मी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय पॅडलांच्या जरासे वर. तयार, पण टेकलेले नाहीत.

खाली उतरल्यावर विमान शेडमध्ये ठेवायला दोघी-तिघांनी मिळून ढकललं. आईला फोन केला, "आई, ढकलतात! विमानही ढकलतात!"

१७ मे

दीड महिना लिहिलं नाही, कारण हवामानशास्त्र. आई प्रश्न विचारते, मी उत्तर देते, आणि आता आईलाच जास्त येतं. काल शेजारणीला म्हणाली, "दोरीवरचे कपडे काढा, दाब कमी झालाय."

चष्मेवाली क्लबात आलीय. एका महिन्यात तिने त्या शाळेतल्या दोन वर्षांएवढे तास भरले.

डॉक्टरीणबाई चौथ्यांदा टेस्टला बसल्या. नापास. निरीक्षकाला म्हणाल्या, तोंड उघडा.

२३ जून

लँडिंग जमत नाही. तेरा वेळा उतरले, तेरा वेळा आपटले. एवढं विमान असतं तरी किती मजबूत! हेडबाई म्हणतात, तू हातातलं चाक फार लवकर खेचतेस, घाबरून. जमीन जवळ येऊ दे, थांब, अजून थांब. हे मी कुठेतरी ऐकलंय, पण कुठे ते आठवत नाही.

आज पहिल्यांदा मनात आलं, जमलंच नाही तर? आईचा अर्धा प्लॉट तर गेलाच. हे इथेच लिहितेय, कोणाला सांगणार नाही.

६ ऑगस्ट

आज आई-बाबा बघायला आले होते. म्हटलं नेमकं आजच आपटायला नको.

तीन चकरा हेडबाईंबरोबर झाल्या. तिन्ही बऱ्या. चौथीआधी शेडपाशी थांबवून त्यांनी पट्टा सोडला, थर्मास घेतला, दार उघडलं.

"कुठे चाललात?"

"चहा प्यायला. तू ये एक चक्कर मारून."

मी म्हटलं, एकटी? म्हणाल्या, "मग काय, मांजर देऊ बरोबर?" मग दारात वाकून, इंजिनच्या आवाजात ओरडून म्हणाल्या, "आणि ते गृहस्थ, कुंपणापाशी उभे आहेत ते, तुझे वडील ना? फेब्रुवारीत दोनदा आले होते. माझ्या विमानात शिरून पॅडलांवर बॅटरी मारत होते. मी चोर समजून दांडका घेऊन गेले! म्हणाले, पोरीला पाठवायचंय, पण तिला सांगू नका, सांगितलं तर येणार नाही."

दार लागलं.

एकशे चाळीस. दोनदा. बँकेचं काम. मीटर खराब. आणि जानेवारीत बदललेलं धडधाकट रबर! अगं आई गं! सगळं एकदम डोक्यात आलं आणि तेवढ्यात रेडिओवर परवानगी मिळाली. ही काय वेळ आहे का हे कळायची!

उडाले. शेजारची सीट रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत शेजारच्या ब्रेकवर कोणीच नाही. मोठ्याने बोलत होते मी, सगळं. वेग बघा, बाई. उंची बघा. छान. घाई नको. डॉक्टरीणबाईंशी बोलते तसं स्वतःशी. वळले, धावपट्टी समोर आली, मोठी झाली, अजून मोठी झाली, हात खेचायला शिवशिवले, आणि मी म्हटलं, थांब. भिंत दिसेपर्यंत थांब. थांबले. मग खेचलं. चाकं टेकली. एकदाच!

उतरल्यावर चष्मेवालीने बादलीभर पाणी ओतलं, तशी रीतच आहे म्हणे. भिजल्या मांजरासारखी मी कुंपणापाशी गेले. आई रडत होती आणि वाऱ्याचा वेग सांगत होती. बाबा एका पायावर उभे. दुसऱ्या पायातली चप्पल हातात.

"काय झालं चपलेला?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"काही नाही काय!" आई म्हणाली. "तू खाली येत होतीस ना, यांचा उजवा पाय जो दाबला, जो दाबला जमिनीत! मातीत खड्डा पडलाय, बघ. चपलेचा अंगठा तुटला."

खड्डा खरंच होता.

मी म्हटलं, "बाबा, तुमचा नियम? टेकवायचा नाही ना?"

"ब्रेक कुठे होता तिथे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चांगलं थांबलीस."

हे त्यांनी सहा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. मी ओल्या कपड्यांनिशी मिठी मारली, तर म्हणाले, "अगं अगं, शर्ट." पण हलले नाहीत.

घरी येऊन गाडी धुणाऱ्या काकांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही, पण म्हणाले, "डोळा बरा झाला ना ताई?"

आत्ता आतून पत्र्याचा आवाज आला म्हणून डोकावले. बाबांनी रबरांचा डबा खाली काढला होता. चपलेचा तुटलेला अंगठा पुसून त्यात ठेवला, झाकण लावलं, डबा परत वर ठेवला.